रेकॉर्ड इमारतीकडचे रस्ते

"दोनशे चोवीस... हो, दोनशे चोवीस. नक्की ना?"

सर्व्हर रूममध्ये रॅकच्या मागे, भिंतीकडे तोंड करून मास्तर फोनवर हळू आवाजात बोलत होते. त्यांच्या हाताखाली काम करणारी ती दार उघडून आत आल्याचं कळताच त्यांनी फोन खिशात टाकला. बंद करायचंही त्यांना सुचलं नाही.

"कोण होतं, मास्तर?"

"कोणी नाही गं. घरून."

ती आपल्या कामाला लागली. पण घरून फोन आला तर माणूस दूध, औषधं, किल्ल्या असलं काही बोलतो. नेटवर्कचे आकडे कशाला सांगत बसेल?

मास्तर त्यांचं पद नव्हतं. त्या मोठ्या रुग्णालयाचं नेटवर्क सांभाळणाऱ्या विभागात प्रत्येकाला त्यांनीच शिकवलं होतं, म्हणून ते मास्तर. ती नवी होती तेव्हा रडकुंडीला आली होती, आणि मास्तरांनी खडू घेऊन तिला जमिनीवरच सगळं समजावलं होतं. काम तसं टपालवाल्याचं. कुठल्या यंत्राची माहिती कुठल्या राउटरकडे सोपवायची, हे रस्ते हातानं लिहून ठेवायचे. मास्तरांचा दंडक असा, की घरोघरी वेगळी पाटी लावायची नाही. पत्ते सलग असतील तर सगळ्या गल्लीची मिळून एकच पाटी. "ओळी कमी, घोळ कमी," असं ते म्हणायचे. चार ओळींची एक ओळ करून दाखवताना त्यांचा चेहरा गाठ सोडवलेल्या माणसासारखा खुलायचा.

आणि आता त्यांच्याच हातच्या ओळी गाजरगवतासारख्या वाढत होत्या. नव्या रॅकमधल्या एकेका सर्व्हरसाठी वेगळी ओळ. त्यातल्या कितीतरी ओळी मुख्य राउटर सोडून मागच्या रेकॉर्ड इमारतीतल्या जुन्या राउटरकडे वळवलेल्या. मास्तरांचं टेबलही त्याच इमारतीत. म्हणजे रुग्णांची सगळी माहिती मास्तरांच्या नाकाखालून जाणार. कशासाठी? कोणासाठी? ती पडद्यापाशी आली की ते खिडकी लहान करत. रजा घेत नव्हते, काम कोणाला देत नव्हते. पाणी कुठेतरी मुरत होतं.

तरीही ती गप्प राहिली असती. पण एका दुपारी प्रयोगशाळेचे अहवाल शस्त्रक्रिया विभागात पोचायचे थांबले. टेबलावर रुग्ण झोपवलेला, रक्ताचा अहवाल नाही. शेवटी एक नर्स जिने उतरून धावत गेली आणि कागद घेऊन आली. इकडे नेटवर्क विभागात तिनं राउटर तपासला, तर प्रयोगशाळेची ओळसुद्धा रेकॉर्ड इमारतीकडे वळवलेली. तिथल्या राउटरला पुढचा रस्ताच माहीत नव्हता. बदल करणाऱ्याचं नाव मास्तरांचं. तारीखही त्याच दिवसाची.

"तुम्ही केलंत हे?" तिनं विचारलं.

"मी? छे! मी कशाला हात लावू?"

डोळ्याला डोळा भिडवून ते खोटं बोलले. तेच तिला लागलं. ती तडक साहेबांकडे गेली.

"मला आधीपासून वास येतच होता," साहेब म्हणाले. कोणी काही सांगितलं की साहेबांना त्याचा वास आधीपासून आलेलाच असे. "उद्या सुरक्षा विभागाचा माणूस बोलावतो. बॅग, टेबल, सगळं तपासू. तोवर त्यांना काही कळू देऊ नका."

संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता नवरा म्हणाला, "म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजायला लागलीस?"

"वासे चोरीला जात असतील तर मोजायला नकोत?" ती म्हणाली. पण त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

सकाळी साहेब येण्याआधीच तिनं मास्तरांना सर्व्हर रूममध्ये गाठलं. त्यांच्या तोंडून काढून घ्यायचं, असं ठरवूनच ती आली होती.

"मास्तर, एवढ्या ओळी का? ह्या बघा, आठ, नऊ, दहा, अकरा. चार सलग गल्ल्या. ह्यांची एक करा ना."

"करू की." त्यांनी खुर्ची ओढली. आठ नंबरची गल्ली लिहिली. आता मास्क लिहायचा होता, म्हणजे एका पाटीखाली किती गल्ल्या येतात ते सांगणारा आकडा, दोनशे छप्पनमधून तेवढ्या गल्ल्या वजा करून निघणारा. त्यांची बोटं थांबली. ओठ हलले. बोटाच्या पेरांवर अंगठा फिरला, परत पहिल्या पेरावर आला. मग त्यांनी सावकाश टाइप केलं, २५५, २५५, आणि पुढे ११.

ती बघतच राहिली. मास्कमध्ये अकरा येऊच शकत नाही. शिकायला लागल्यावर पहिल्या आठवड्यात तिनं नेमकी हीच चूक केली होती, आणि मास्तर पोट धरून हसले होते.

राउटरनं ओळ नाकारली. मास्तरांनी तीच परत टाइप केली. परत नाकारली.

"थांब, विचारतो," म्हणत त्यांनी फोन काढला आणि तिच्यासमोरच लावला. लपवायचं होतं हेसुद्धा ते त्या क्षणी विसरले होते. पलीकडून बाईचा आवाज आला, शांत, सवयीचा.

"हं, बोला. आज कितीतून किती वजा करायचे?"

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. हातातला फोन टेबलावर ठेवला. तिनं तो उचलला.

"काकू, मी बोलतेय."

 मास्तरांच्या बायको, काकू, शाळेत गणित शिकवायच्या, आता निवृत्त होऊन घरी होत्या, हे तिला आठवलं.

"कळलं का तुला?" काकू म्हणाल्या. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही गं. ते विचारतात, दोनशे छप्पनमधून बत्तीस गेले की किती, मी सांगते. एवढंच."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. वाढतच जाणार म्हणतात. हे दर रविवारी ठरवतात, कोणी काढायच्या आत आपणच नोकरी सोडायची. आणि सोमवारी डबा भरून निघतात." काकूंचा आवाज जरा घसरला. "ठरवलेलं आठवत नाही त्यांना. मलाही आठवण करून द्यायचा धीर होत नाही."

तिनं फोन ठेवला. पडद्यावर त्या सगळ्या ओळी होत्याच. तिनं हलकेच विचारलं, "मास्तर, सगळं रेकॉर्ड इमारतीकडेच का वळवलंत?"

"तो राउटर मी बसवलेला पहिला," मास्तर म्हणाले. "त्याचा पत्ता पाठ आहे. बाकीचे..." त्यांनी हवेत हात फिरवला.

तेवढ्यात साहेब आले. मागे सुरक्षा विभागाचा दांडगा माणूस, हातात रिकामा खोका.

"मास्तर, ही माहिती कोणासाठी वळवत होता?"

"साहेब, चोरी नाही," ती मध्येच म्हणाली. "माझा संशय चुकीचा होता."

"मग काय आहे?"

ती मास्तरांकडे बघू लागली. साहेबांची नजर एकदा तिच्यावर, एकदा पडद्यावर.

"तिला कशाला विचारता?" मास्तर उठून उभे राहिले. शर्ट नीट केला. "मला हिशोब लागत नाही आता. गोष्टी राहत नाहीत डोक्यात. काल तो रुग्ण टेबलावर होता, ते माझ्यामुळेच झालं असणार. मला आठवत नाही, पण झालं असणार."

साहेबांना ह्याचा वास मात्र आला नव्हता. ते खोक्याकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "बसा, मास्तर. तुमचं लॉगिन काढायचं ते नंतर बघू. ह्या करतील."

"नको. नंतर मी विसरेन." मास्तर परत खुर्चीत बसले. "माझं नाव मी काढतो."

लॉगिन काढायची आज्ञा त्यांना बरोबर आठवली. एकेक अक्षर दाबत त्यांनी आपलं नाव लिहिलं, एकदा वाचून पाहिलं, आणि बटण दाबलं.  पंख्यांची घरघर तेवढी चालू होती.

मग त्यांनी खुर्ची आत सरकवली आणि बॅग खांद्याला लावली. सुरक्षा विभागाच्या माणसानं खोका खाली ठेवला, पुढे होऊन ते जड दार ओढून धरलं.

"बॅग देता का, मी घेतो."

"नको," मास्तर म्हणाले. "जड नाहीये."

ते बाहेर पडून जिन्याच्या वळणापर्यंत जाईतो तो माणूस दार तसंच धरून उभा राहिला.