मला पिंजू नका

मित्रांनो, मी एक जुनी, चपटी, चौकोनी गादी आहे. राजाच्या गादीसाठी म्हणे भावाभावांत लढाया होत. माझ्यावरून आजवर एकदाच बोलाचाली झाली, तीही मी मऊ असावी की कडक एवढ्यावरून. पण त्यात एक जीव थोडक्यात वाचला आणि एक आई बरेच दिवस गप्प झाली, म्हणून माझी गोष्ट सांगायला बसले आहे. बसणं हा तसा माझा धंदाच.

माझा जन्म लोधीखेड्याचा. कापूस वेचायला जाणाऱ्या वत्सलाबाईंनी मला बोंडातून बाहेर काढलं. माझी काही भावंडं दवाखान्यात गेली, काही समईत गेली. मी मात्र एका खाकी पँटीत गेले. ती पँट वत्सलाबाईंच्या नवऱ्याची, म्हणजे मधुकररावांची. ते नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात होते. पँट फाटली, तिची खोळ झाली, आणि मधुकररावांनी कापूस पायाने दाबून दाबून असा भरला की मी गादी कमी आणि पाट जास्त झाले. पँटीचा एक खिसाही माझ्या अंगावर तसाच राहिला. खिसा असलेली गादी मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

हे सगळं कशासाठी? तर त्यांची मुलगी प्रज्ञा नागपूरला विमान चालवायला शिकत होती, आणि उंचीने बेताची होती. विमानात बसली की तिला धावपट्टीऐवजी नुसते काटे आणि तबकड्या दिसायच्या. तिच्या गुरुजींनी सांगितलं, "बुडाखाली काहीतरी घेऊन ये, नाहीतर घरी जा." तिने मला नेलं.

माझं पहिलं उड्डाण सौंसरच्या बसस्टँडवर झालं. नागपूरची बस गच्च भरलेली, म्हणून प्रज्ञाने जागा धरायला मला खिडकीतून आत फेकलं. मी एका काकांच्या डोक्यावर उतरले. पुढे आयुष्यात मी पुष्कळ लँडिंगं पाहिली, त्यांतली कित्येक याहून वाईट होती.

प्रज्ञा शिकली, मग शिकवायला लागली. सौंसरच्या बाजूला संत्र्याच्या बागांमध्ये एक लहानशी हवाईपट्टी आहे. तिथे ती 'प्रज्ञा मॅडम' झाली. विद्यार्थी शेजारच्या सीटवर, मॅडम माझ्यावर. विमान जमिनीजवळ आलं की मॅडम दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवायच्या, म्हणजे विद्यार्थ्याला दिसावं की विमान आता त्याचंच आहे. विमान धप्पकन आदळायचं, उडायचं, पुन्हा आदळायचं. मॅडम म्हणायच्या, "छान. पुन्हा करू." आवाज असा, जणू चहात साखर कमी पडली आहे. सगळे म्हणत, मॅडमना भीती कशी ती माहीतच नाही. मित्रांनो, चेहरा आणि आवाज विद्यार्थ्यांच्या वाट्याला यायचा. बाकीची मॅडम माझ्या वाट्याला यायची. प्रत्येक लँडिंगला ती मला असं आवळून धरायची की माझ्यातली सरकी बाहेर यावी. शिकवणं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. भीती खाली ठेवायची आणि वरून हसायचं.

एखाद्याचं उतरणं फारच बिघडलं, तर मॅडम त्याला त्याच दिवशी पुन्हा वर न्यायच्या. "आज घरी गेला तर भीतीही सोबत घरी जाईल," म्हणायच्या. आणि प्रत्येक उड्डाणानंतर पंखाजवळ उभं राहून आपलं काय चुकलं ते आपणच बोलायचं, हा त्यांचा नियम होता. वाऱ्याला आणि इंजिनाला नावं ठेवायची परवानगी नव्हती. इंजिनाला नावं ठेवली की मेकॅनिक दत्तूभाऊ जेवायचा नाही.

मग मॅडम कसरती करायला लागल्या. त्यासाठी वेगळं, लाल-पांढरं, मजबूत विमान होतं. लूप, गिरकी, आणि उलटं उडणं. उलटं उडताना आभाळ पायाखाली येतं, जमीन डोक्यावर जाते आणि मी माझ्या माणसाच्या खाली नसून वर असते. घरच्या सोफ्यावरच्या उशीला मी हे एकदा सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

विमान पहिल्यांदा उलटं झालं, तेव्हा माझ्या खिशातून एक संत्रं बाहेर आलं. ते वत्सलाबाईंनी गुपचूप ठेवलं होतं. ते वरच्या काचेला जाऊन टेकलं आणि तिथेच थांबलं. आपण पडलो आहोत की चढलो आहोत, हे त्याला कळेना. मॅडमने विमान सरळ केलं, संत्रं मांडीवर पडलं. विमान ज्याने वळवतात त्या दांड्याच्या बुडाशी अडकलं असतं तर कठीण होतं.

"आई, वर काही न्यायचं नसतं. रुमालसुद्धा नाही," तिने घरी सांगितलं.

"अन् वर भूक लागली असती तर?"

"आई, मी दहा-पंधरा मिनिटांत खाली येते."

"दहा मिनिटांत भूक लागत नाई, असं कोन्या शाळेत शिकवलं तुले?"

प्रज्ञाने माझा खिसा शिवून टाकला. वत्सलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त माया ठेवायला दुसरी जागा शोधायला सुरुवात केली.

ती जागा पुढे सापडली. हवाईपट्टीवर कसरतींचा कार्यक्रम ठरला. लोधीखेड्याहून, रामाकोन्याहून माणसं येणार होती. आणि आजवर लेकीचं उडणं डोळ्यांनी कधीच न पाहिलेल्या वत्सलाबाईसुद्धा येणार होत्या. दोन दिवस आधी मॅडमने मला घरी धुवायला आणलं. वत्सलाबाईंनी मला हातात घेऊन दाबलं, आणि त्यांचा चेहराच पडला.

"पोरगी साऱ्या गावासमोर उलटी होनार, अन् बसनार या दगडावर?"

मधुकरराव म्हणाले, "तिले विचार न एक डाव."

"लेकराले मऊ द्यायले विचारा लागते का?"

मित्रांनो, मधुकररावांनी मला न्यायला पिशवी काढून दिली. सौंसरच्या पिंजाऱ्याकडे माझा सगळा कापूस पिंजून झाला, वरून नवा भरला गेला. मी अशी फुगले की लग्नातल्या लोडाने वाट द्यावी. वत्सलाबाई मला कार्यक्रमाच्या दिवशी स्वतः घेऊन आल्या आणि विमानाजवळ लेकीच्या हातात दिलं. त्या हसल्या, लेक हसली. विमानाचा प्रत्येक स्क्रू तपासणाऱ्या मॅडमने मला तपासलं नाही. आईच्या हातून आलेली वस्तूही तपासायची असते, हे तिच्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

ती बसली. मी दबले. पट्टे आवळले, सगळं घट्ट वाटलं. विमान वर गेलं आणि मॅडमने लूप घेतला. लूपच्या तळाशी माणूस चौपट जड होतो. ते वजन माझ्यावर आलं आणि माझा नवा फुलका कापूस पापडासारखा बसला. जिथे मी होते तिथे आता रिकामी जागा होती आणि पट्टे ढिले. मॅडमला ते कळायच्या आत विमान उलटं झालं.

ती सीटवरून सुटली. हेल्मेट काचेवर ठक्कन आदळलं. पाय पेडलवरून निघाले. दांड्याला फक्त बोटं पोचत होती. जमीन डोक्यावर होती, आणि जवळ होती. आयुष्यात पहिल्यांदा मॅडम मला आवळून धरत नव्हती. तिला मी सापडतच नव्हते.

तिने बोटांनी दांडा ढकलला. विमान सरळ झालं. तिने पट्टे ओढले, एक मोठी फेरी मारली आणि उतरली. कार्यक्रम संपला. लोकांना वाटलं, एवढाच होता. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पंखाजवळ सगळे जमले. गायत्री ही मॅडमची पांढुर्ण्याची विद्यार्थिनी. तीही ठेंगणी, त्यामुळे तीही मला उसनी घ्यायची, आणि दुसऱ्याच आठवड्यात ती पहिल्यांदा उलटी होणार होती.

"मॅडम, मधेच काऊन उतरल्या? काही झालं का?"

मधुकरराव लेक आणि बायको यांच्या मधे येऊन उभे राहिले. "हवा असन," ते घाईने म्हणाले. "आज हवा लय आहे."

"हो ना, इंजिन तर फस्क्लास आहे," दत्तूभाऊ म्हणाला.

झाडाचं पान हलत नव्हतं. मॅडमने आईकडे पाहिलं, मग गायत्रीकडे. हवेवर ढकललं असतं तर आईचं मन राहिलं असतं, आणि गायत्री याच गादीवर बसून उलटी झाली असती.

"गादीत नवा कापूस होता," मॅडम हळू आवाजात म्हणाली. "मऊ. जोर पडल्यावर तो दबला, पट्टे ढिले झाले, उलटी झाल्यावर मी सुटले. बसण्याआधी मी ती अंगठ्याने दाबून पाहायला हवी होती. पाहिली नाही. चूक माझी."

वत्सलाबाईंनी फक्त पहिलं वाक्य ऐकलं.

"मी केलं न व हे?" त्या म्हणाल्या. "मारलं असतं मी माह्या लेकराले."

"आई, मी काय म्हणाले ते..."

पण त्या बसकडे चालू लागल्या होत्या.

मग माझे वाईट दिवस आले. मी खाटेखाली गेले, एका फुटक्या बादलीशेजारी. दत्तूभाऊने मॅडमला प्लायवूडचा तुकडा कापून दिला. उंची बरोबर, स्वभाव लाकडाचा. पण माझं जाऊ द्या. वत्सलाबाईंनी लेकीच्या वस्तूंना हात लावणंच सोडलं. सकाळी डबा भरेनात. "तूच भर. मले काय समजते त्यातलं?" शर्टाचं बटण लोंबत होतं, त्यांना दिसत होतं, त्यांनी सुई काढली नाही. लेकीने जवळ बसावं तर त्या उठून अंगण झाडायला जात. ते अंगण इतकं स्वच्छ झालं की कोंबड्यांनी यायचं बंद केलं.

एका संध्याकाळी मधुकरराव म्हणाले, "तुही माय अशी कधीच नव्हती. तुह्याजवळ काही विलाज नाई का?"

प्रज्ञाने शर्टाचं लोंबतं बटण बोटांत फिरवलं. मग स्वतःशीच म्हणाली, "ज्याचं उतरणं बिघडतं त्याला मी त्याच दिवशी पुन्हा वर नेते. आईला मात्र मी खालीच सोडून दिलं."

दुसऱ्या दिवशी तिने मला खाटेखालून काढलं आणि आईला घेऊन हवाईपट्टीवर आली.

"मी नाई बसत त्यात. माह्यावानी बाईनं काय करावं वर?"

"काही करायचं नाही. मी सांगते तेवढं ऐकायचं. माझे सगळे विद्यार्थी आधी हेच म्हणतात."

वत्सलाबाई शिकाऊ विमानात माझ्यावर बसल्या. मॅडमने पट्टे आवळले.

"अवं, श्वास कोंडते माहा!"

"बोट जातं ना आत? मग बरोबर आहे."

विमान वर गेलं. खाली संत्र्याच्या बागा, कापसाची रानं, लोधीखेड्याच्या गच्च्या. वत्सलाबाईंनी डोळे मिटलेले. मॅडमने विमान अलगद वर खेचलं. बाई जड झाल्या, मी दबले. मग तिने नाक थोडंसंच खाली ढकललं.

"उठले व मी!" वत्सलाबाई ओरडल्या. "पट्टा ढिला झाला! बूड उठलं माहं!"

"हेच झालं होतं आई. याच्याहून पुष्कळ जास्त, आणि उलटं."

"एवढ्याशा कापसानं?"

"एवढ्याशाच. तो वाईट नव्हता आई. फक्त मला विचारून भरला नव्हता."

वत्सलाबाईंनी डोळे उघडले. खाली कापसाची रानं सरकत होती. मग लेकीकडे न बघता म्हणाल्या, "किती कडक पाह्यजे, सांग."

मित्रांनो, प्रज्ञा मॅडमने अनेक विद्यार्थी घडवले. पण हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. "दाबून दाखवते," ती म्हणाली. तिचा आवाज चहातल्या साखरेचा राहिला नव्हता.

घरी आल्यावर वत्सलाबाईंनी माझा नवा कापूस काढला, जुना ठासून भरला आणि जाड दोऱ्याने आडवे-उभे टाके घातले. एवढ्यावर त्यांचं समाधान होईना. मग त्या रोज माझ्यावर बसू लागल्या. भाजी निवडताना, टीव्ही पाहताना, शेजारणीशी बोलताना. मधुकररावांना म्हणाल्या, "तुम्हीबी बसा. तुमचं वजन कामाचं आहे." आजवर मधुकररावांच्या पोटाचं कौतुक कुणी केलं नव्हतं. ते लाजले आणि बसले. माझ्यावर इतकं प्रेमाने कुणी कधी बसलं नसेल.

मग त्यांनी मला लेकीपुढे धरलं. "दाबून पाह्य."

प्रज्ञाने अंगठा रोवला. "अजून थोडी."

पूर्वी अशा बोलण्यावर घरात दोन दिवस अबोला झाला असता. आता वत्सलाबाईंनी मला नुसतं परत नेलं, खाली टाकलं आणि वर बसल्या. बसल्या बसल्या सुई-दोरा मागवला. "इकडं आन तो शर्ट. बटन कुठून लावू, वरून का खालून? सांग मले."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी काळजी घ्या अशी विनंती करतात. मीही करते, पण थोडी वेगळी. काळजी घ्या, जरूर घ्या. फक्त ज्याची घ्यायची त्याला आधी विचारा, आणि कुणी विचारलं तर खरं सांगा. मऊपणा सगळ्यांनाच झेपत नाही. काहींना वर धरून ठेवायला घट्टपणाच लागतो.

आता मला जायचं आहे. आज वत्सलाबाई पुन्हा हवाईपट्टीवर आल्या आहेत. मॅडमने मला अंगठ्याने दाबून पाहिलं, मग गायत्रीने दाबलं, दत्तूभाऊनेही उगाच दाबलं. मॅडम बसली. पट्टे आवळले. वत्सलाबाईंनी पट्ट्याखाली आपलं एक बोट घालून पाहिलं, ते जेमतेम गेलं. त्यांनी मान डोलवली आणि मागे सरकल्या.

"जाय आता," त्या म्हणाल्या. "हो उलटी."