अखेरचा कागद

जानेवारीतला कामाचा पहिलाच दिवस. दफ्तरखान्याचं दार नऊला उघडतं, आणि ओदा ब्येरेगॉर्द पावणेनऊपासून पायरीवर उभी. वय अठ्ठ्याऐंशी, एका हातात काठी, दुसऱ्यात नववर्षाच्या उरलेल्या बदामी केकचा डबा.

"उघड गं पोरी, पाय गोठले माझे! पंच्याहत्तर वर्षं थांबले, आता पंधरा मिनिटं थांबवत नाही."

मेरेटे दालगॉर्दनं तिला हाताला धरून आत घेतलं. मेरेटेही काही पोर नव्हती. साठीला आलेली, आणि या दफ्तरखान्यात तिची एकतीस वर्षं गेलेली. ओदाला ती चांगली ओळखायची. दर नववर्षाला म्हातारीचा फोन ठरलेला: "आता किती उरली?" आणि मेरेटे सांगायची, सहा, पाच, चार.

ओदाचा थोरला भाऊ आयनर मतिमंद म्हणून फ्योर्डच्या खाडीपलीकडच्या आश्रमगृहात ठेवला होता. एकोणपन्नास साली, सोळाव्या वर्षी, तो तिथंच गेला. घरी चार ओळींचं पत्र आलं: वारला, पुरला. तिथल्या थडग्यांवर नावं नाहीत, नुसते आकडे. आयनरचा आकडा त्याच्या फाइलीत, आणि अशा फाइली अखेरच्या कागदापासून पंच्याहत्तर वर्षं बंद. कायदाच तसा.

"दगड कोरून ठेवलाय," ओदा खुर्चीत टेकत म्हणाली. "नाव, दोन्ही सालं, सगळं. शेडमध्ये पडलाय सायकलीशेजारी. डॉक्टर म्हणतो उन्हाळ्याचा भरवसा नाही. मी म्हटलं, नको देऊ भरवसा, फेब्रुवारीपर्यंतचा दे! तू फक्त आकडा काढ."

मेरेटेनं हसत शोधयंत्रात नाव घातलं. यंत्र नवं होतं. इमारत विकायची म्हणून गेल्या वर्षी सगळ्या फाइलींच्या प्रती यंत्रात चढवल्या आणि मूळ कागद खोक्यांत सीलबंद होऊन राजधानीच्या कोठारात गेले. यंत्राचे ठरीव रकाने होते नाव, गाव, विषय, एवढेच. मेरेटेनं भांडून आपल्या पदरचा एक रकाना घालून घेतला: अखेरच्या कागदाची तारीख. यंत्रानं फाइलीतला सगळ्यात ताजा कागद हुडकायचा, तारीख टिपायची, आणि मुदत संपली नसेल तर ती फाइल कुणाला दाखवायचीच नाही. अकरा हजार फाइली चढल्या, एकीलाही हातानं तारीख लिहावी लागली नाही. काय मिरवली होती बाई तेव्हा!

यंत्र म्हणालं, असं काही सापडलं नाही.

तिनं पुन्हा घातलं. आडनाव बदललं, साल घातलं, नुसतं गाव घातलं. काही नाही.

"सापडलं ना?" ओदा केक कापत होती.

"एक मिनिट हं, ओदाबाई."

मेरेटेनं मागच्या खोलीतून फ्रोदेला फोन लावला. यंत्र सांभाळणारा तोच, राजधानीत बसायचा.

"आहे की," फ्रोदे म्हणाला. "दिसणार कशी तुला? बंद आहे, दोन हजार अठ्ठ्याण्णव संपेपर्यंत. अखेरचा कागद अठरा डिसेंबर तेवीसचा."

"तेवीसचा? अरे, एकोणपन्नास साली मेला तो!"

"मग तेवीस साली काय घातलंस त्यात?"

मेरेटेला आठवलं. नाताळचं कार्ड. लाल टोपीवाले दोन बुटके, आणि आत ओदाच्या कापऱ्या अक्षरात: 'मेरेटे, आता एकच नाताळ मध्ये राहिला. तुझी ओदा.' चौकशीचा आलेला प्रत्येक कागद ज्याच्या त्याच्या फाइलीत लावायचा, ही इथली साठ वर्षांची रीत. मेरेटेनं स्वतः फाइल काढली होती, मायेनं कार्ड वर ठेवून दोरी बांधली होती. फाइल हातात होती तिच्या! दोन पानं उलटली असती तर आकडा दिसला असता. पण बंद फाइल वाचायची नाही म्हणजे नाही, एवढी ती सरळ बाई.

"तारीख बदल," ती म्हणाली. "पाया पडते तुझ्या."

"मला येत नाही बदलता. तो रकाना सीलबंद आहे. तूच ना सभेत टेबल आपटत होतीस, हातानं तारीख बदलता आली तर उद्या कुणीही कुणाचीही फाइल उघडेल म्हणून? आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास, बाई."

"मग मी काय सांगू तिला, फ्रोदे? तिला उन्हाळा दिसणार नाही रे."

फ्रोदे हळू आवाजात म्हणाला, "मुदतीआधी उघडण्यासाठी अर्ज करायला सांग. दोन वर्षं तरी लागतात. आणि अर्ज फाइलीला जोडला जातो, माहीत आहे ना? म्हणजे अखेरचा कागद आजच्या तारखेचा, मुदत आणखी दोन वर्षं पुढं."

मेरेटे बाहेर आली. तिनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही, सांगताना रडलीही. ओदानं ऐकून घेतलं. केकचा तुकडा बशीत तसाच राहिला.

"माझं कार्ड?" तिनं एवढंच विचारलं. मग बराच वेळ काठीची मूठ चोळत बसली. "बुटके छान होते गं त्यावरचे. मुद्दाम निवडून घेतलं होतं."

मेरेटेला तिच्याकडे बघवेना.

"रडू नकोस. काहीतरी लिहून द्यायचं असेलच की. तुमच्याकडे कशालाही अर्ज लागतो." ओदानं टेबलावरचा छापील कागद स्वतःच ओढला, चष्मा लावला, सावकाश आयनरचं नाव लिहिलं, खाली आपलं. कोपऱ्यातल्या मोकळ्या ओळीवर पेन टेकवून तिनं वर पाहिलं.

"आज तारीख काय गं, पोरी?"