उलटी चप्पल

शेवंतीसारखी आळशी बाई मी उभ्या जन्मात पाहिली नाही. सकाळ झाली की भिंतीकडे तोंड करून पडायची. आम्हाला सांभाळणारी सपना म्हणायची, "आजी, बाथरूमला चला ना." तर हिचं ठरलेलं, "डायपर आहे ना गो? मग कशाला उठू?"

तो डायपर ताप आला तेव्हा लावलेला, चार दिवसांपुरता. ताप गेला, डायपर राहिला.

मुलुंडच्या या वृद्धाश्रमात बायकांच्या दोनच जाती, चालत्या आणि बेडवरच्या. चालतीची बेडवरची होते. उलटं झालेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. शेवंतीच्या आधी त्या खाटेवर नीला होती. पाय मुरगळला म्हणून पडली, मग पाठीला जखमा झाल्या, मग छातीत कफ भरला. गेली. मुरगळलेल्या पायाने कोण मरतं? पडून राहण्याने मरतं.

"ऊठ मेले," मी शेवंतीला म्हणायची.

"अजून मेले नाही," ती भिंतीला सांगायची.

"मग त्याच रांगेत उभी आहेस. उभी तरी कुठली, आडवी."

शिव्यांनी काही ती उठली नाही.

एकदा आश्रमातला झाडूवाला बाळा, त्याने झाडू मारताना तिची चप्पल उलटी केली. शेवंतीने खाटेवरून मान वाकडी करून पाहिलं. "रुक्मिणी, ती सरळ कर गो. घरात भांडणं लागतात." तिच्या दोन सुना विक्रोळीत एकाच स्वयंपाकघरात. त्यांना भांडायला चप्पल लागत नव्हती.

"तुझी चप्पल, तुझ्या सुना. मी काय नोकर आहे?"

सपना पुढे झाली, तिला मी डोळ्यांनीच दटावलं. शेवंती बराच वेळ तळमळली. शेवटी खाटेचा कठडा धरून उतरली, अंगठ्याने चप्पल सरळ केली आणि थरथरत उभी राहिली.

"उतरलीसच तर आता जाऊन ये," मी हात पुढे केला.

तेव्हापासून रोज पहाटे तिची चप्पल उलटी सापडायची. ती बाळाच्या नावाने बोटं मोडायची आणि उतरायची. दिवाळीपर्यंत डायपर सुटला. बाहेर टेबलावर जेवायला येऊ लागली, माझ्या ताटातल्या बांगड्यावर डोळा ठेवू लागली.

डिसेंबरात माझा गुडघा सुजला. आधी दुखतं म्हणून पडले, मग सूज उतरली तरी पडून राहिले. सपनाने डायपर आणून उशाशी ठेवला. "आजी, थोडेच दिवस." मी नको म्हणाले नाही. पडून बरं वाटत होतं, हेच वाईट.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पाहिलं, तर माझी चप्पल उलटी. शेवंती माझ्याकडे पाठ करून खिडकीशी वेणी घालत बसलेली.

"कोणी केली गो ही?"

"बाळाने. दुसरं कोण करतंय?" ती वळली नाही.

बाळा तर दोन दिवस गावाला गेला होता. म्हणजे रोज पहाटे तिची चप्पल कोण उलटी करायचं, हे हिला ठाऊक होतं. पहिल्यापासून.

माझ्या घरी भांडायला आता कोणी उरलेलं नाही. तरी ते उलटे तळवे बघवेनात. मी कठडा धरला. गुडघ्यातून कळ पार कमरेत गेली. चप्पल सरळ केली, पायात घातली, खिडकीपर्यंत गेले.

"शेवंते, तू आळशी नाहीस," मी म्हणाले. "लबाड आहेस. आता हात दे, मेले."