दोनशे अठरा माणसं

पेन्सिलीचं टोक मोडलं ते नेमकं अठ्ठ्याण्णवच्या आठावर, आणि शामला त्या काळ्या ठिपक्याकडे बघतच राहिली. औषध घेणाऱ्या गटात अठ्ठ्याण्णव पेशंट, न घेणाऱ्या गटात तेवढेच... दोन्ही मिळून एकशे शहाण्णव, मध्येच सोडून जाणारे धरले तर दोनशे अठरा. आणि आपण घेतले होते किती? चाळीस.

दुपारी तीनला मेडिकल कॉलेजच्या समितीत कृष्णकांत सर सिकलसेल या रक्ताच्या आजारावरच्या औषधाची फाइल बंद करणार होते—चाचणीत फरक दिसला नाही म्हणून. आकडेमोड तिची, अहवालही तिचाच. ‘औषधाचा उपयोग नाही.’ किती खात्रीने लिहिलं होतं मी ते!

सकाळी ओपीडीच्या दाराशी नत्थू भेटला नसता तर... कळमन्याच्या धान्यबाजारात पोती उचलणारा, चाचणीतला एकोणिसावा पेशंट.

“हे औषध काहून बंद करून राहिले, मॅडम?”

उत्तराऐवजी तिनेच विचारलं, “किती फरक पडला तर तुम्हाला पुरे वाटेल?”

“मले सालभरात चार झटके येतात. हाडं अशी ठणकतात का उभं राहता येत नाही. एक झटका कमी झाला, तरी लय झालं.”

एक झटका. हे आपण कुणालाच विचारलं नव्हतं—चाळीस का, तर तेवढेच मिळाले होते! आणि आता कागद सांगत होता, की एवढा फरक खरोखर असला, तरी चाळीस जणांच्या चाचणीला तो शंभरातून शहात्तर वेळा दिसलाच नसता... ती उठली, बसली, पुन्हा उठली, आणि हसूच आलं तिला, एकटीलाच.

तिने फोन लावला.

“सर, फाइल बंद करू नका. आपलं ‘नाही’ पक्कं नाही. दोनशे अठरा पेशंट लागतील.”

“अहवालावर तुझी सही आहे, शामला.”

“हो. चूक माझीच आहे, तसं लिहून देते.”

“एवढे पेशंट आणायचे कुठून?”

“खापरखेडा, कामठी, उमरेड... तिथल्या दवाखान्यांतून. तीन वर्षं लागतील, सर.”

“आणि एवढं करून औषध कुचकामीच निघालं तर?”

कालपर्यंत या प्रश्नाने ती गप्प झाली असती. “तर नत्थूला तसं सांगता येईल,” ती म्हणाली, “खरं खरं.”

फोन कानाशी धरूनच तिने मोडलेली पेन्सिल टोकायला घेतली. औषध लागू पडावं असं तिला वाटत होतंच, पण त्याहूनही—उत्तर कुठलंही असो, ते ऐकायची अशी घाई तिला आजवर कधी झाली नव्हती.