तातडीच्या चौकटीतली खूण

बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्यात तिला सगळे 'भिंग' म्हणत. वायदेबाजारातल्या लबाड्या हुडकण्यात अठरा वर्षं गेलेली. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधण्याचाच तिला पगार मिळे. स्वतःच्या डोळ्यातल्या मुसळाचं काय, ते पुढे येईलच.

त्या वर्षी तांब्याचा वायदा तीन आठवड्यांत दीडपट चढला. कुठली खाण बंद पडली नव्हती, कुठलं जहाज बुडालं नव्हतं. कुणीतरी एकच माणूस सात वेगवेगळ्या खात्यांतून पुढच्या महिन्याचं जवळजवळ सगळं तांबं बांधून बसला होता. सातही खाती शेजारच्या देशातून चालत आणि खऱ्या मालकाचं नाव तिथल्या नियामकांनाच ठाऊक. नाव हाती आलं असतं तर खाती गोठवून भाव दोन दिवसांत जमिनीवर आणता आला असता.

एकमेकांना माहिती द्यायची, असा करार दोन्ही देशांत होता. मागणीपत्राच्या तळाशी दोन चौकटी: 'तातडीचे' आणि 'नेहमीचे'. तातडीच्या पत्राला पाच दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. नेहमीच्याला सवडीने. तिने तातडीवर खूण केली आणि त्या संध्याकाळी हलक्या मनाने थोरल्या भावाकडे गेली.

दादाचं मोटारी गुंडाळायचं वर्कशॉप होतं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची, नवी भरायची. हाताखाली नऊ माणसं. पाणीपुरवठ्याच्या चाळीस पंपांचं काम त्याने ठरलेल्या दराने घेतलं होतं, आणि तारेचा भाव ऐकून त्याची झोप उडाली होती.

"या शुक्रवारपर्यंत काम सोडता येतं गं, दंड न भरता," तो म्हणाला. "सोडू का? तुला तुमच्याकडचं काही कळत असेल."

तपासाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, अशी तिने शपथ घेतलेली. पण समोर दादा होता.

"सोडू नकोस," ती म्हणाली. "उतरेल भाव."

त्याने पुढे एक शब्द विचारला नाही. बहिणीने सांगितलं म्हणजे संपलं.

दुसऱ्या दिवशी सहीला गेलेलं पत्र साहेबांनी परत पाठवलं नाही, तिलाच आत बोलावलं.

"बाई, ही खूण बदला. पुढच्या महिन्यात आपलं आणि शेजारच्यांचं परस्पर मूल्यमापन आहे. पाच दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यांचे गुण कापले जातील. मग ते गप्प बसतील? आपण त्यांच्या सहा पत्रांवर बसून राहिलोय, ती बाहेर काढतील."

"पण साहेब, भाव..."

"भाव चढतात, भाव उतरतात. आणि हो, यंदा दोन्ही देशांच्या नियामकांच्या परिषदेला तुमचं नाव देतोय."

अकरा वर्षं ती त्या परिषदेची वाट बघत होती. दर वर्षी कुणीतरी बढाईखोर जायचा आणि फोटो घेऊन यायचा. साहेबांच्याच टेबलावर, साहेबांच्याच पेनने तिने नवी प्रत भरली आणि दुसऱ्या चौकटीवर खूण केली. आज ना उद्या नाव येईलच, अशी मनाची समजूत घातली. ती खोटी आहे हे तिला तेव्हाच कळत होतं.

दादाला काही न कळवताच शुक्रवार उलटला. पंधरा दिवसांनी तिने पलीकडच्या अधिकाऱ्याला फोन लावला. माणूस गोड बोलायचा.

"तुमचं पत्र फार मुद्देसूद आहे हो! नेहमीचं आहे ना? मग नियमाप्रमाणे आधी खातेदाराला कळवून त्याचं म्हणणं मागवलंय. तातडीचं असतं तर त्याला न कळवता नाव दिलं असतं."

चोराच्या घरी तिने स्वतःच निरोप धाडला होता.

चार दिवसांत सातही खात्यांतला माल चढ्या भावाने विकला गेला, खाती बंद झाली आणि भाव धाडकन कोसळला. त्याच्या आदल्याच आठवड्यात दादाने, आता थांबणं शक्य नाही म्हणून, चाळीस मोटारींची तार एकदम उचलली होती. काम त्याने तोटा सोसून शब्दाप्रमाणे पुरं केलं. मग वर्कशॉपला कुलूप लावलं.

परिषदेत उंटाने गाढवाचा गळा वाखाणला, गाढवाने उंटाचं रूप. दोन्ही देशांच्या नियामकांना पैकीच्या पैकी गुण पडले. एकही तातडीचं पत्र रखडलेलं नाही, असं निवेदकाने दोनदा सांगितलं. टाळ्यांच्या कडकडाटात तिच्या हातात तांब्याची ढाल दिली गेली.

परतल्यावर ती दादाकडे गेली. तो आता दुसऱ्याच्या कारखान्यात मोटारी गुंडाळत होता. तिच्यावर एका शब्दाने चिडला नव्हता, आणि तेच तिला सोसत नव्हतं. त्याने तिच्या पिशवीतली ढाल कौतुकाने बाहेर काढली.

"कशाबद्दल गं?"

"शेजारच्यांशी चांगलं सहकार्य केलं म्हणून."

त्याने ती तळहातावर तोलली, कडेला नख मारलं आणि हसला.

"तांबं नाही हे. पत्र्यावर मुलामा आहे. तुम्हालाही फसवलं की कुणीतरी! भिंग म्हणतात ना तुला? शोध बघू कोण ते."

तिने मान खाली घातली. खूण कुणी बदलली, हे सांगायला कुठल्याही शपथेची आडकाठी नव्हती. तरी ती बोलली नाही.