गडव्यावरचा ठिपका

मित्रांनो, वलगावच्या एका घराच्या भिंतीवर, जमिनीपासून बरोबर अडीच फुटांवर, मी खिळ्याला टांगलेली असते. इतकी खाली, कारण मला वाचणारी मुलगी पाच वर्षांची आहे. मी चित्रांची फळी आहे.

त्याआधी मी संत्र्याच्या पेटीचा एक भाग होते. विशेष मुलांना शिकवणाऱ्या वर्षालीताई अमरावतीहून आठवड्यातून एकदा या घरी येत. त्यांनी मला घरातले आजोबा नत्थुजी यांच्याकडून मागून घेतले आणि घासून गुळगुळीत केले. चपलेच्या पट्ट्याला असते तशी काटेरी चिकटपट्टी माझ्यावर लावली. तिच्यावर चार चित्रे बसली: पाणी, जेवण, शू आणि झोका.

ती मुलगी, रागिणी, बोलत नाही. पाहिलेले मात्र ती विसरत नाही. तहान लागली की ती रडे आणि डोके भिंतीवर आपटे. काय हवे ते कोणालाच कळत नसे. तिची आई जमुना त्यामुळे झेंडूच्या वावरात जाऊ शकत नव्हती.

पाण्याच्या पहिल्या चित्रात काचेचा ग्लास होता. रागिणीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही.

"ही पाणी कशानं पिते?" ताईंनी विचारले.

जमुनाने पितळेचा गडवा, म्हणजे छोटा तांब्या, पुढे केला. ताईंनी त्याच गडव्याचा फोटो माझ्यावर लावला आणि तो काढून हातात कसा द्यायचा, हे पुन्हा पुन्हा करून दाखवले. तिसऱ्या आठवड्यात रागिणीने तो आपणहून काढला आणि आईच्या हातात ठेवला. पाणी पिऊन ती झोक्याकडे गेली. जमुना मात्र रिकामा गडवा धरून बराच वेळ बसून राहिली.

"आमी का फोटू दाखवून पाणी पेलो?" नत्थुजी म्हणाले.

"तुमी तसं मागतलं असतं त घरात शांती रायली असती," आजी पार्बताबाई म्हणाल्या.

जमुना पुन्हा वावरात जाऊ लागली. येणाऱ्याजाणाऱ्यांना माझे कौतुक सांगितले जाई. मग दसरा आला. फुले पहाटेच अमरावतीच्या बाजारात गेली होती. घरी विळे, तराजू आणि मोटरसायकल यांची पूजा झाली. पार्बताबाईंनी मलाही खिळ्यावरून काढले.

"लेकरं आज पाटी पुजते ना? मंग हे आमच्या रागिणीची पाटीच व्हय."

त्यांनी प्रत्येक चित्रावर ओल्या कुंकवाचे बोट टेकवले. पेटीच्या फळीची पूजा कोण करते? मी फुलून गेले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी रागिणी माझ्यापाशी आली. तिने पाण्याच्या चित्रावरचा लाल ठिपका नखाने खरवडला. मग गडव्याकडे गेली, तो सगळीकडून फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. परत आली आणि भिंतीवर डोके आपटू लागली. पाच दिवस हेच चालले. दिवाळीच्या फुलांची तोड सुरू होणार होती, पण जमुनाचे वावर पुन्हा सुटले. वर्षालीताई सणासाठी गावी तेल्हाऱ्याला गेल्या होत्या.

"विसरली पोरगी," नत्थुजी म्हणाले. "दे ते फळी इकडं. टाक्यावर झाकण होईन."

"दिवाळीपर्यंत तरी राहू द्या," जमुना हळूच म्हणाली.

चूक कुठे आहे ते मला दिसत होते. पण सांगता येत नव्हते. त्या पाच दिवसांत रागिणी आणि मी सारख्याच होतो.

सहाव्या दिवशी पार्बताबाई माझ्याजवळ जमिनीवर बसून फुले ओवत होत्या. रागिणी आली. ठिपका, मग गडवा, मग पुन्हा ठिपका. आजींचे हात थांबले.

"जमुने, इकडं ये व. हे गडवा फिरवून काहून पायते? टिकली शोधून राहिली. फोटूत टिकली हाये, गडव्याले नाई. तिच्यासाठी हा दुसराच गडवा झाला."

जमुना ओले फडके घेऊन आली. "मंग पुसून टाकू, आत्याबाई?" तिने सासूला विचारले.

"देवाचं लावलेलं कुकू पुसत नसतात."

त्या उठल्या. मग कुंकवाचा करंडा आणला आणि गडव्याच्या पोटावर, फोटोत होता तिथेच, एक ठिपका लावला.

रागिणीने चित्र पाहिले. गडवा पाहिला. चित्र काढून आजीच्या तळहातावर ठेवले.

त्या दिवशी तिच्या ताटलीला, झोक्याच्या पाटाला आणि मोरीच्या दारालाही कुंकू लागले.

"आता माह्या टोपीलेही लाव," नत्थुजी म्हणाले. टाक्याच्या झाकणाची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. जमुना दिवाळीच्या तोडीला गेली.

गडवा रोज घासला जातो. दुसऱ्या सकाळी त्याच्यावरचा ठिपका गेला होता. रागिणीने गडवा पाहिला, आजीचे बोट धरले आणि करंड्यापाशी नेले. या मागणीचे चित्र माझ्यावर नव्हते. असे मागणे तिला कोणी शिकवलेही नव्हते.

मित्रांनो, आता माझ्या कडा झिजल्या आहेत. मला जपा असे मी म्हणणार नाही, फळी दुसरी मिळते. पण एखाद्या मुलाला काही कळत नाही असे ठरवण्याआधी त्याच्याशेजारी जमिनीवर बसा. ते काय पाहते आहे, ते तिथून पाहा.

हल्ली गडव्याला ठिपका नत्थुजी लावतात. कधी घाईत राहून गेले, तर त्यांचे बोट धरायला कोणीतरी येतेच.