सतरा नंबरची पेटी

उमाशंकरशेठनं मला चहा इचारला, तवाच माझं डोकं फिरलं. चौदा वर्सांत ह्या माणसानं माझ्या दारात पाय ठेवला न्हाई, आन् आता म्हणतो, "वैनी, बसा की. चहा घ्या."

अहमदपुरात आता त्याचं इंटरनेटचं ऑफिस हाय. काचेचं दार, आत एसी, भिंतीवर देवाचा फोटो आन् त्याच्याहून मोठा स्वतःचा. पूर्वी ह्याच जागी केबलचं ऑफिस व्हतं आन् माझा नवरा बजरंग त्याच्याकडं लाईनमन व्हता. पोलवर चढायचं, वायर जोडायची, कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या की हातातला घास टाकून पळायचं. हेच त्याचं काम.

"चहा नको," म्या म्हणलं. "सतरा नंबरची पेटी कुठं हाय तेवढं सांगा."

"पेटी? कसली पेटी?"

जसं काही माहीतच न्हाई! केबलच्या जमान्यात दर गल्लीला पोलवर एक लोखंडी पेटी टांगलेली असायची. लांबून आलेलं चित्र फिकं पडायचं, त्याला पुढं ढकलायचं मशीन त्या पेटीत असायचं. लाईट शेजारच्या घरातून घेतलेली. वर पिवळ्या रंगानं नंबर. गावात अशा साठेक पेट्या व्हत्या आन् सतरा नंबरच्या पेटीखाली माझा नवरा मेला.

"ते सगळं सेट-टॉप बॉक्स आले तवाच भंगारात घातलं, वैनी. जुनं उकरून काय मिळणार?"

"काय मिळतं ते मी बघते. कुणाला घातलं त्याचं नाव सांगा. न्हाईतर मी इथंच बसते आन् येणाऱ्या हरेक गिऱ्हाइकाला सांगते, ह्या शेठनं मेलेल्या माणसाला दारुडा ठरवलं म्हणून."

गडी हसत व्हता, त्याचं हसू उतरलं. लोहा गावच्या एका भंगारवाल्याचं नाव कागदावर लिहून दिलं त्यानं. दार ढकलून बाहेर आले तर महेबूबभाई गाडी चालू करून उभाच व्हता, खाली मान घालून. हा बजरंगचा जोडीदार लाईनमन. दोघं एकाच शिडीवर वाढलेले. म्या कागद त्याच्या हातात कोंबला आन् मागं बसले.

आता सगळं सांगते, कारण राग कशाचा हाय ते कळल्याशिवाय माझं बोलणं वेडीचं वाटंल.

दोन हजार अकराची वर्ल्डकपची फायनल. आपण जिंकलो तवा सगळं गाव रस्त्यावर नाचत व्हतं आन् निम्मं गाव प्यालेलं व्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बजरंग पोलवरून पडला. डोक्यावर. उमाशंकरशेठ स्वतः घरी सांगायला आला. म्हणला, रात्रीची उतरली नव्हती, तसाच चढला, काय करणार. बजरंग कधीमधी घ्यायचा, हे खोटं न्हाई. त्यावरून आमची भांडणंही व्हायची. म्हणून मला ते खरंच वाटलं. लई राग आला व्हता मला. पदरात चार वर्सांची पोर टाकून हा माणूस पिऊन मेला, असं वाटलं. रडले न्हाई मी, शिव्या दिल्या. आन् पोरगी मोठी झाली, बाप कसा गेला म्हणून इचारायला लागली, तवा तिलाही तेच सांगितलं. "तुझा बाप पिऊन मेला." दुसऱ्या कुणी न्हाई, मीच सांगितलं.

आरती आता नांदेडला नर्सिंग करून राहिली. बापाचा फोटोसुद्धा तिनं खोलीत ठेवला न्हाई. दरवर्षी पितरात मी बजरंगाच्या नावानं चार माणसं जेवू घालते. महेबूबभाई त्याला कधी चुकत न्हाई. औंदा आरती सुट्टीला आली व्हती. तिला म्हणलं, बाई, तेवढा निवद वर कावळ्याला ठेवून ये. तर ती ताडकन म्हणली, "पिऊन पडलेल्या माणसाला कसला निवद? देशीची बाटली ठेव त्याच्यापुढं."

ओसरीवर महेबूबभाई जेवत व्हता. त्याच्या हातातला घास ताटात पडला.

"भाभी," तो म्हणला, "बजरंग प्यालेला नव्हता."

म्या चुलीपासून वळून बघितलं. "काय?"

"प्यालेला नव्हता. कसम खुदा की. सतरा नंबरच्या झाकणात सगळं लिहिलंय. मला तोंडानं सांगता येणार न्हाई. इचारू नका."

आरती उठली आन् माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "इतकी वर्सं तू एक सांगत आलीस, आता हे काका दुसरं सांगतेत. मला दाखव. डोळ्यानं बघितल्याशिवाय मी आता कुणाचंच ऐकणार न्हाई." दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून नांदेडला निघून गेली.

झाकणाची ती रीत मला माहीत व्हती. बजरंगच सांगायचा. लाईनमन चार, पेट्या साठ. एकानं काही बिघडवलं की नाव दुसऱ्याचं यायचं. म्हणून त्यांनी आपसात ठरवलं व्हतं, पेटी ज्यानं उघडली त्यानं झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, काय केलं ते आन् नावाचं पहिलं अक्षर लिहायचं. पुढचा येतो, झाकण उघडतो, आधी वाचतो, मग हात घालतो. मालकाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती पेटी त्यानं कवाच घासून ठेवली असती.

मी अंगणवाडीत मदतनीस हाय. रजा मिळत न्हाई, म्हणून रविवार धरले. पहिल्या रविवारी लोहा. भंगारवाला पानाची पिंक टाकत म्हणला, "बाई, किलोनं घेतलेला माल हाय तो. त्याला नंबर कोण बघतं?" म्या म्हणलं, "माझा नवराबी तुमी किलोनंच घेतला असता." त्याच्या बायकोलाच माझी दया आली, तिनं आतून ओरडून सांगितलं की पेट्यांचा सगळा माल नांदेडला गेला.

दुसऱ्या रविवारी नांदेडला इतवारा बाजाराच्या मागं एका गोदामात गेलो. तिथं केबलचा सगळा मसणवटा पडलेला. काळ्या वायरीची भेंडोळी, छत्रीसारख्या मोठ्या डिशा फुटलेल्या, मशीनं उघडी पाडून तांबं काढून घेतलेली. एकेका मशीनसाठी कसे जीव टाकायचे ही माणसं! बजरंग रात्री उशाला घेऊन झोपायचा, पावसात भिजंल म्हणून. आन् आता हे हाल. महेबूबभाई प्रत्येक डबड्यापुढं थांबायला लागला, हे अमक्या गल्लीतलं, ते तमक्या चौकातलं, म्हणून हात फिरवायला लागला. म्या म्हणलं, "लाड नंतर करा. पेटी शोधा."

गोदामवाला म्हणला, "मशीनं फोडली, पण पेट्या तशाच विकल्या. पत्रा जाड व्हता. उमरीचा शिवप्पा घेऊन गेला, मोटारी दुरुस्त करतो तो. शेतातल्या मोटारीचा स्टार्टर बसवायला बऱ्या पडतेत."

तिसऱ्या रविवारी उमरीला शिवप्पा सापडला. माणूस बरा व्हता, पण चाळीस शेतं सांगितली त्यानं. चाळीस! ऊन मी म्हणून राहिलं, कापसातून वाट काढायची, विहिरीवर जायचं, पेटी बघायची, सहा नंबर, एकतीस नंबर, नंबरच न्हाई. कुत्री अंगावर आली. एकानं आम्हाला वीज मंडळाची माणसं समजून काठी उगारली. मी सगळ्यांवर खेकसून घेतलं. महेबूबभाईवर तर जास्तच, कारण जसजशी शेतं सरत चालली तसतसा तो मागं मागं राहायला लागला. "पाय दुखतेत का?" म्या इचारलं. "न्हाई भाभी," म्हणला आन् परत मागं.

चौथ्या रविवारी दुपारी नागुबाई नावाच्या म्हातारीच्या विहिरीवर ती सापडली. लिंबाच्या खोडाला ठोकलेली, वरचा पिवळा सतरा अर्धा गंजलेला, त्याच्यावर हळदीकुंकवाची बोटं.

"हात लावू नका, मोटार चालू हाय," म्हातारी म्हणली.

"मग बंद करा आजी. मला नुसतं झाकण बघायचंय."

"झाकणात काय हाय?"

"माझा नवरा हाय," म्या म्हणलं. म्हातारीनं माझ्याकडं नीट बघितलं आन् जाऊन मोटार बंद करून आली.

झाकण म्याच उघडलं. आत कोरडं व्हतं, पत्रा जसाच्या तसा. वरच्या ओळी बजरंगच्या. "१२ जानेवारी. फ्यूज बदलला. ब." "९ फेब्रुवारी. उंदरानं वायर खाल्ली. नवी टाकली. ब." त्याचं अक्षर असंच, एका बाजूला पडलेलं. चौदा वर्सांनी बघितलं म्या ते. बोट ठेवलं त्याच्यावर. आन् मग खालची शेवटची ओळ वाचली.

"२ एप्रिल. ट्रान्सफॉर्मर जळाला. मॅचसाठी जुना बांधला. पेटीला करंट मारतोय. घरातली लाईट बंद केल्याशिवाय पेटीला हात लावू नको. म."

दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती.

पेटीला हात लावू नको, हे पेटीच्या आत लिहिलेलं!

मी वळले. महेबूबभाई खाली बसला व्हता, ढेकळात.

"आत लिहिलंस?" म्या इचारलं. "हात लावू नको म्हणून आत लिहिलंस? ते वाचायला त्यानं काय करायचं व्हतं रे?"

"रीत व्हती भाभी... आम्ही सगळं आतच लिहायचो. बाहेर लिहावं असं सुचलंच न्हाई. शेठ ओरडत व्हता, लोक दगड घेऊन ऑफिसपुढं उभे व्हते, शेवटची षटकं राहिली व्हती. बांधलं, लिहिलं, झाकण लावलं."

"फोन नव्हता तुझ्याकडं?"

"व्हता."

"मग?"

"सकाळी करू म्हणलं. जिंकलो ना... नाचत व्हतो. सकाळी जाग आली तवा बजरंग गेला व्हता. शेठनं पेटी उतरवायला लावली. म्हणला, तोंड उघडलंस तर तू जेलात जाशील. ते पुसून टाक असं कुणी म्हणलं न्हाई, कुणाला माहीतच नव्हतं. मला पुसवलं न्हाई."

"पुसवलं न्हाई! लई उपकार केलेस!" माझा आवाज पार दुसऱ्या शेतात गेला असंल. "चौदा वर्सं माझ्या ओसरीवर बसून जेवलास तू. त्याच्या नावाचं जेवलास. माझ्या हातचं वरण ओरपताना घशात अडकलं न्हाई तुझ्या? माझी लेक बापाला दारुडा म्हणत वाढली, तुझ्या डोळ्यांदेखत वाढली. एक दिवस, एक दिवस तुला वाटलं न्हाई का रे?"

"रोज वाटलं."

म्या चप्पल काढली. खोटं कशाला बोलू, काढली. नागुबाईनं माझा हात धरला न्हाई, ती नुसती बघत राहिली. महेबूबनं डोकं पुढं केलं, मार म्हणून. त्याचं ते पुढं केलेलं पांढरं डोकं बघून मला आणखीच राग आला. म्या चप्पल विहिरीकडं भिरकावली आन् फोन काढला.

आरतीला व्हिडिओ लावला. ती हॉस्टेलात व्हती, मागं कपडे वाळत घातलेले दिसत व्हते. म्या सरळ फोन झाकणापुढं धरला. वरपासून खालपर्यंत हळूहळू नेला. बापाचं अक्षर तिनं जन्मात पहिल्यांदा बघितलं. मग ती शेवटची ओळ. तिथं थांबले.

"दिसलं का?" म्या इचारलं. "तुझा बाप प्यालेला नव्हता. करंट बसला त्याला. त्या शेठनं खोटं सांगितलं, ह्यानं लपवलं. उद्याच्या उद्या मी पोलिसात जाते, त्या काचेच्या ऑफिसात जाते, दोघांनाही सोडत न्हाई बघ."

म्या फोन वळवला. पोरगी तोंडावर हात धरून बसली व्हती. डोळे पुसले तिनं. मग नर्सिंगची पोरगी इचारते तशी इचारायला लागली, एकेक करून.

"आई, त्या दिवशी तू दवाखान्यात गेली व्हतीस ना?"

"हाव."

"बाबांच्या जवळ गेलीस?"

"हाव. जवळ गेले."

"तोंडाजवळ?"

गेले व्हते. त्याच्या कानात शिव्या घालायला वाकले व्हते मी, इतकी जवळ की माझा श्वास त्याच्या गालाला लागत व्हता.

"सांग ना आई. दारूचा वास आला व्हता का?"

महेबूब वर बघत व्हता. म्हातारीही बघत व्हती. शेठ नव्हता तिथं, दुसरं कुणी नव्हतं, ओरडावं असं कुणीच न्हाई.

"न्हाई," म्या म्हणलं. "वास नव्हता आला."